ज्याला घड्याळं स्वस्त करायची होती, त्याचीच मशीनं आज शोधूनही सापडत नाहीत

जुन्या वस्तूंच्या ऑनलाईन लिलावात खिशातली घड्याळं शोधायला बसलात, तर एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. त्यातली बरीचशी घड्याळं पूर्ण नसतातच. केस नाही, काच नाही, कधी काटेही गायब. नुसतं गोल, पिवळसर, चाकांनी भरलेलं मशीन. परदेशातले लोक त्याला मूव्हमेंट म्हणतात, आपले घड्याळवाले मशीनच म्हणतात.

आता प्रश्न पडतो, कुणी चांगल्या चालत्या घड्याळाचं मशीन काढून वेगळं कशाला विकेल?

उत्तर सोपं आहे. सोनं.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या भारी अमेरिकन घड्याळांची केस सोन्याची असायची. १९३४ साली अमेरिकन सरकारनं सोन्याचा दर औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर केला. १९८० च्या जानेवारीत तर तो ८०० डॉलरच्या वर गेला. भाव चढला की लोक आजोबांचं घड्याळ घेऊन सोनाराकडे जायचे. सोनार केस उघडायचा, मशीन बाजूला ठेवायचा आणि केस वितळवायचा. मशीनमध्ये पितळ आणि पोलाद, त्याला कोण विचारतो? ती मशीनं मग ड्रॉवरमध्ये, बिस्किटाच्या डब्यात, पोटमाळ्यावर पडून राहिली. नातवंडांनी घर आवरायला घेतलं आणि ती ऑनलाईन विक्रीला आली.

त्यातली बहुतेक मशीनं अगदी साधी आणि लाखांनी बनलेली आहेत. पण अधूनमधून एखाद्या अंधुक फोटोत असं मशीन दिसतं की जाणकार संग्राहकाचा हात कापायला लागतो. त्याच्या प्लेटवर कोरलेलं असतं, 'डेनिसन, हॉवर्ड अँड डेव्हिस'. आणि विकणाऱ्यानं खाली लिहिलेलं असतं, जुन्या घड्याळाचा भाग, चालत नाही.

या नावातला पहिला माणूस म्हणजे आरन लफकिन डेनिसन. अमेरिकन घड्याळ-उद्योगाचा बाप म्हणून त्याला ओळखतात. गंमत अशी, की त्याला दुर्मीळ असं काही बनवायचंच नव्हतं. त्याला हवं होतं एकसारखं, भरपूर आणि स्वस्त घड्याळ. ते जमलं तेव्हा तो कंपनीत उरला नव्हता. आणि जे आज दुर्मीळ म्हणून शोधलं जातं, ते त्याच्या फसलेल्या प्रयत्नांचं उरलंसुरलं आहे.

गोष्ट सुरू होते चपलांपासून

६ मार्च १८१२ ला अमेरिकेतल्या मेन राज्यात, फ्रीपोर्ट नावाच्या गावी आरनचा जन्म झाला. वडील अँड्र्यू डेनिसन जोडे शिवायचे. पोरगं थोडं मोठं झाल्यावर वडिलांच्या दुकानात बसायला लागलं. असं सांगतात, की एकेक गिऱ्हाईक आल्यावर एकेक जोड शिवण्यापेक्षा एका मापाचे बरेच जोड एकदम का करू नयेत, असा प्रश्न या पोरानं वडिलांना विचारला होता. किस्सा खरा की नंतर रचलेला हे सोडा, पण पुढचं अख्खं आयुष्य तो हाच प्रश्न वेगवेगळ्या लोकांना विचारत राहिला.

१८३० साली तो ब्रन्सविक गावात जेम्स कॅरी नावाच्या घड्याळजीकडे उमेदवारीला लागला. तीन वर्षं काम शिकला आणि बोस्टनला गेला. मग दुसऱ्यांच्या दुकानात घड्याळ-दुरुस्ती, मध्ये काही वर्षं न्यूयॉर्क, आणि १८३९ च्या सुमाराला परत बोस्टन. तिथं त्यानं घड्याळं, हत्यारं आणि सुटे भाग विकायचं दुकान टाकलं.

दुरुस्तीचं काम करणाऱ्याला मालाची खरी लायकी कळते. गिऱ्हाईक वरून डायल बघतं, घड्याळजी आत बघतो.

त्या काळात अमेरिकेत खिशातली घड्याळं यायची ती इंग्लंड आणि स्वित्झर्लंडमधून. इंग्लंडमध्ये लँकेशायर भागात कच्चं मशीन तयार व्हायचं, मग ते कॉव्हेंट्री, लिव्हरपूल किंवा लंडनला जायचं. तिथं डझनावारी वेगवेगळे कारागीर त्यावर हात फिरवायचे. कुणी फक्त काटे करणार, कुणी फक्त स्प्रिंग, कुणी फक्त मुलामा देणार. स्वित्झर्लंडमध्ये तर जुरा डोंगरातले शेतकरी हिवाळ्यात घरी बसून भाग बनवायचे. काम सुंदर व्हायचं यात वाद नाही. पण प्रत्येक घड्याळ वेगळं. एकाच कारखानदाराच्या दोन घड्याळांतला स्क्रूसुद्धा एकमेकांना लागेल याची खात्री नाही. एखादं चाक तुटलं तर नवं विकत मिळायचं नाही, कानस घेऊन तेवढ्यापुरतं घडवावं लागायचं.

आपल्याकडे जुन्या वाड्यातला दरवाजा दुरुस्त करायला सुतार बोलावल्यावर तो प्रत्येक कोयंडा जागेवर ठोकून बसवतो ना, तसंच काहीसं. फक्त इथं माप केसाएवढं.

डेनिसनला याचा वैताग होता. १८४० च्या आसपास त्यानं मेनस्प्रिंगा मोजायची एक पट्टी तयार केली, डेनिसन स्टँडर्ड गेज नावाची. कारण प्रत्येक देशाचं, प्रत्येक कारखान्याचं माप निराळं होतं आणि दुकानदाराला स्प्रिंग मागवायची म्हणजे डोक्याला ताप होता. कागदावर फार मोठा शोध नाही वाटत. पण हा माणूस कुठं चाललाय ते यातून दिसतं.

मध्येच खोक्यांचा धंदा

१८४४ साली त्यानं भलतंच काही केलं. दागिने आणि घड्याळं ठेवायची पुठ्ठ्याची छोटी खोकी तेव्हा युरोपातून मागवावी लागायची. डेनिसननं पुठ्ठा आणला, ब्रन्सविकला वडिलांना दिला. जोडे शिवणाऱ्या वडिलांनी खोकी कापायला घेतली, घरातल्या बहिणींनी ती चिकटवायला घेतली.

पाचेक वर्षांत हा धंदा त्यानं धाकट्या भावाच्या, एलिफलेटच्या हवाली केला. का? तर डोक्यात घड्याळं होती. भावानं खोक्यांवरून मजल दरमजल करत टॅग आणि लेबलांपर्यंत धंदा वाढवला. १९९० साली ही डेनिसन कंपनी एव्हरी नावाच्या कंपनीत विलीन झाली आणि झाली एव्हरी डेनिसन. आज कपड्यांच्या टॅगपासून बाटल्यांच्या लेबलपर्यंत सगळीकडे असलेली जागतिक कंपनी. तुमच्या घरातल्या एखाद्या वस्तूवर तिचं स्टिकर असण्याची शक्यता बरीच आहे.

म्हणजे ज्या धंद्यातून आपला गडी उठून गेला, तो धंदा पावणेदोनशे वर्षं टिकला. हे पहिलं उदाहरण. पुढं असं अजून एकदा झालं.

बंदुकीवरून घड्याळ

डेनिसनच्या डोक्यात घड्याळं शिरली ती बंदुकीच्या कारखान्यातून. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला सरकारी शस्त्रागार होतं. तिथं मस्केट बंदुका अशा बनायच्या की एका बंदुकीचा भाग दुसरीला लागावा. युद्धात हे किती कामाचं आहे ते वेगळं सांगायला नको. डेनिसननं ते पाहिलं आणि त्याला वाटलं, बंदुकीला जमतं तर घड्याळाला का नाही?

ज्यांना तो हे सांगायचा त्यांना वाटायचं याचा स्क्रू ढिला झालाय. बोस्टनमध्ये काही लोक त्याला चक्क वेडा म्हणायचे. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. बंदुकीचा घोडा बोटाएवढा असतो. घड्याळातल्या बॅलन्सच्या दांडीचं टोक डोळ्याला जेमतेम दिसतं. शिवाय हार्टफर्डच्या पिटकिन बंधूंनी थोड्याच वर्षांपूर्वी यंत्रावर घड्याळं बनवायचा प्रयत्न केला होता आणि ते आपटले होते.

१८४९ ला त्याला ऐकून घेणारा माणूस भेटला. एडवर्ड हॉवर्ड. बोस्टनला लागून असलेल्या रॉक्सबरीत हॉवर्ड आणि त्याचा भागीदार डेव्हिड डेव्हिस भिंतीवरची घड्याळं आणि तराजू बनवायचे. पैसे टाकले सॅम्युअल कर्टिस यानं, ज्याचा आरशांचा धंदा होता. रक्कम २०,००० डॉलर. डेनिसन माल आणि माहिती गोळा करायला इंग्लंडला जाऊन आला आणि हॉवर्ड-डेव्हिसच्या कारखान्यासमोर नवा कारखाना उभा राहिला.

पहिलं मॉडेल ठरलं एकदा चावी दिली की आठ दिवस चालणारं. कल्पना भारी होती, पण घड्याळ काही वेळ नीट दाखवेना. एकच स्प्रिंग आठ दिवस सारख्या जोरानं ओढत नाही. सुरुवातीला ताणलेली, शेवटी ढिली, त्यामुळे वेग बदलतो. १८५२ साली अशी जेमतेम सतरा घड्याळं झाली आणि मंडळींनी तो नाद सोडला. मग रोज चावी द्यायचं साधं मॉडेल आलं. त्यातल्या पहिल्या शंभरेक मशीनवर 'वॉरन' असं नाव कोरलं, रॉक्सबरीचा क्रांतिवीर जोसेफ वॉरन याच्यावरून. त्यापुढच्या काहीशे मशीनवर पैसे देणाऱ्या सॅम्युअल कर्टिसचं नाव. आणि मग साधारण १००० ते ५००० या क्रमांकांमध्ये 'डेनिसन, हॉवर्ड अँड डेव्हिस'.

हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण ऑनलाईन शोधणाऱ्याचा सगळा खेळ यावर आहे. अमेरिकन मशीनवर नाव आणि सिरियल नंबर दोन्ही कोरलेले असतात. नंबर टाकला की मॉडेल आणि अंदाजे वर्ष सांगणारे मोफत डेटाबेस आज उपलब्ध आहेत. विकणाऱ्यानं वर्णनात काही का लिहिलेलं असेना, फोटोत नंबर वाचता आला की निम्मं काम झालं. एकदा सात-आठ आकड्यांचा नंबर दिसला की समजायचं, हे नंतरचं, लाखांनी बनलेलं मशीन. चारच आकडे आणि पाठ चावीच्या भोकाची असेल तर मात्र फोटो मोठा करून बघायचा. चावीचं भोक कशासाठी? तेव्हा वरचं बटण फिरवून चावी द्यायची सोय नव्हती, वेगळी छोटी चावी लावावी लागायची.

वॉल्थम, आणि दिवाळं

रॉक्सबरीत जागा अपुरी पडायला लागली, धुळीचा त्रास होता. १८५४ साली कारखाना बोस्टनच्या पश्चिमेला, चार्ल्स नदीकाठच्या वॉल्थम गावात हलवला. नाव झालं बोस्टन वॉच कंपनी. मोकळी हवा, नवी यंत्रं, कामाला पुरुषांबरोबर बायकाही.

पण पैसा पाण्यासारखा जात होता. घड्याळ बनवायच्या आधी ते बनवणारं यंत्र बनवावं लागायचं, कारण असं यंत्र बाजारात मिळतच नव्हतं. आणि तयार झालेलं घड्याळ विकायला जावं तर दुकानदार म्हणायचे, अमेरिकन घड्याळ? इंग्लिश दाखवा. १८५७ च्या वसंतात कंपनीचं दिवाळं निघालं. मे महिन्यात लिलाव झाला. रॉयल रॉबिन्स नावाच्या न्यूयॉर्कच्या घड्याळ-व्यापाऱ्यानं ५६,५०० डॉलरला कारखाना उचलला.

हॉवर्ड काही सामान घेऊन रॉक्सबरीला परत गेला आणि त्यानं स्वतःची कंपनी काढली. त्याची घड्याळं पुढं फार नावाजली. इथं संग्राहकांसाठी एक गंमत आहे. हॉवर्डनं आपल्या मशीनची मापं सगळ्यांपेक्षा वेगळी ठेवली, आकड्यांऐवजी अक्षरांत. त्यामुळे हॉवर्डच्या मशीनला हॉवर्डचीच केस लागते, आणि त्या केसी तर सोनारांच्या भट्टीत गेल्या. म्हणून उत्तम दर्जाचं जुनं हॉवर्ड मशीन कधीकधी वाटतं त्यापेक्षा बरंच कमी किमतीत मिळून जातं. घेणाऱ्याला माहीत असतं की याला घालायचे कपडे मिळणार नाहीत.

डेनिसन मात्र वॉल्थमलाच थांबला. स्वतः उभा केलेला कारखाना, आता पगारी सुपरिंटेंडेंट म्हणून.

आणि इथंच त्याची कल्पना खऱ्या अर्थानं मार्गी लागली. १८५७ मॉडेल नावाचं मशीन आलं. त्याचे भाग यंत्रावर, मापात बनत होते. अगदी शंभर टक्के अदलाबदल करता येत नव्हती, हेही सांगायला हवं. माणकाच्या खड्यांची भोकं आणि त्यात फिरणारी टोकं मोजून जोड्या लावाव्या लागायच्या. पण कारखाना ही मापं त्या त्या सिरियल नंबरपुढं लिहून ठेवायचा. खडा फुटला तर नंबर कळवायचा, आणि बरोबर मापाचा खडा मिळायचा. नंबर कोरण्यामागचं एक कारण हे होतं. आज आपण फोनचा मॉडेल नंबर टाकून स्क्रीन मागवतो, ती सवय इथली म्हटली तरी चालेल.

दुसरी गोष्ट मापाची. लँकेशायरच्या जुन्या पद्धतीवरून अमेरिकन मशीनचे साईझ ठरले. शून्य साईझ म्हणजे एक इंच आणि इंचाचे तीसांश पाच भाग, मग प्रत्येक साईझला तीसांश एक भाग वाढवत जायचं. १८ साईझचं मशीन जवळपास ४५ मिलिमीटरचं, १६ साईझचं ४३ च्या थोडं वर. मापं पक्की झाल्यामुळे मशीन आणि केस वेगवेगळ्या कारखान्यांत बनायला लागलं. गिऱ्हाईक दुकानात जायचं, मशीन निवडायचं, मग ऐपतीप्रमाणे चांदीची, सोन्याची किंवा सोन्याचा पत्रा चढवलेली केस निवडायचं, आणि दुकानदार दोन्ही जोडून द्यायचा.

म्हणजे सोनाराला मशीन इतक्या सहज बाजूला काढता आलं, आणि आज ते नुसतं मशीन दुसऱ्या जुन्या केसमध्ये बसवता येतं, याच्या मुळाशी मापं पक्की करण्याचा हाच हट्ट आहे.

सैनिकांचं घड्याळ

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. धंदा मंदावला. डेनिसनचं म्हणणं होतं की स्वस्त, दणकट घड्याळ काढा, सैनिक घेतील. घरापासून लांब गेलेल्या तरुण पोराकडे पगार असतो आणि वेळ कळायची गरजही असते. असं घड्याळ निघालं, नाव 'विल्यम एलरी', स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या एका नेत्यावरून. ते तुफान चाललं. खुद्द अब्राहम लिंकन यांच्याकडेही एक विल्यम एलरी होतं, १८६३ चं, सिरियल नंबर ६७६१३. ते आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

लिंकन यांच्याकडे होतं त्या मॉडेलचं, त्याच काळातलं नुसतं मशीन आज फार महाग नसतं, कारण ती भरपूर बनली. नव्यानं शोधायला लागलेल्यानं सुरुवात इथून केली तर खिसाही फाटत नाही आणि हातात खरा इतिहास येतो.

पण हे यश बघायला डेनिसन कारखान्यात नव्हता. रॉबिन्स आणि त्याचं पटेना. एकाला हिशोब जुळवायचा होता, दुसऱ्याला रोज नवीन काहीतरी करून बघायचं होतं. १८६२ उजाडेपर्यंत डेनिसनला नारळ मिळालेला होता. वय पन्नाशीला टेकलेलं.

रॉबिन्सला खलनायक करायचा मोह होतो, पण ते बरोबर होणार नाही. दिवाळखोर कारखाना त्यानं पायावर उभा केला. डेनिसनला पैशाचं गणित कधीच जमलं नाही, हे त्याच्या प्रत्येक कंपनीत दिसतं. पुढच्याही.

झुरिक ते बर्मिंगहॅम

१८६४ साली त्यानं बोस्टनच्या ए. ओ. बिगेलो यांच्यासोबत ट्रेमाँट वॉच कंपनी काढली. कल्पना आजच्या काळातली वाटते. बारीक, वेळखाऊ भाग स्वित्झर्लंडमध्ये कमी मजुरीत करून घ्यायचे, मोठ्या प्लेटा बोस्टनमध्ये यंत्रावर करायच्या, आणि जोडणी अमेरिकेत. आपण आज ज्याला आऊटसोर्सिंग म्हणतो, ते. डेनिसन त्यासाठी झुरिकला जाऊन राहिला. मशीन चांगलं निघालं. पण १८६६ साली भागीदारांनी ठरवलं की सगळंच अमेरिकेत बनवू, आणि कारखाना मेलरोज गावात हलवला. डेनिसननं विरोध केला, कुणी ऐकलं नाही, तो बाहेर पडला. दोन वर्षांत कंपनी बंद.

ट्रेमाँट आणि मेलरोज या नावांची मशीनं म्हणूनच मोजकी, काही हजारच आहेत. दिसायला ती वॉल्थमच्या साध्या मशीनसारखीच. ज्याला नाव माहीत नाही तो विकणारा त्यांना इतर जुनाट मशीनांच्या ढिगात टाकून देतो. 'दहा जुनी मशीनं, सुट्या भागांसाठी' असा लॉट दिसला की अनुभवी लोक प्रत्येक प्लेट डोळ्यांत तेल घालून वाचतात, ते यासाठीच.

आणि अशा लॉटमध्ये फसगतही होते, तेही बघून ठेवायला हवं. बॅलन्सची दांडी तुटलेली असते. हेअरस्प्रिंग गुंतलेली असते. डायल दुसऱ्याच मशीनची असते. मनगटी घड्याळांत जसे 'मुंबई स्पेशल' म्हणून रंगवलेल्या डायलचे आणि मिसळलेल्या भागांचे नमुने जगभर बदनाम आहेत, तसेच खिशातल्या घड्याळांतही चार घड्याळांचं मिळून एक केलेलं असतं. विकणाऱ्याकडे एक साधा व्हिडिओ मागायचा. मशीन हलकेच गोल हलवल्यावर बॅलन्सचं चाक काही सेकंद मोकळं झुलत राहिलं तर दांडी शाबूत असण्याची आशा असते. लगेच अडकून थांबलं तर दुरुस्तीचा खर्च मशीनच्या किमतीत मिळवूनच बोली लावायची. कुरिअरमध्ये आदळून धडधाकट दांडीही तुटते, त्यामुळे डबी कशी बांधणार हेही आधीच विचारलेलं बरं.

तर ट्रेमाँट-मेलरोजची यंत्रं पुढं इंग्लंडला, बर्मिंगहॅमला गेली आणि १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं अँग्लो-अमेरिकन वॉच कंपनी निघाली. तिच्यामागंही डेनिसनच होता. आता साठीचा. तो बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात राहायला लागला. ही कंपनीही त्याच्या हातात राहिली नाही.

या वेळेला मात्र त्यानं वेगळा विचार केला. मशीनचा नाद सोडला आणि केस बनवायला सुरुवात केली. बर्मिंगहॅम हे दागिन्यांचं आणि चांदीकामाचं गाव, कारागिरांची वाण नव्हती. वॉल्थमची मशीनं तोवर इंग्लंडमध्ये धडाधड विकली जात होती आणि त्यांना केस हवी होती. डेनिसननं केसचं काम यंत्रावर, ठरलेल्या मापात घेतलं. १८७९ पासून अल्फ्रेड विगली याच्या भागीदारीत डेनिसन, विगली अँड कंपनी चालू झाली. ही टिकली.

ज्या देशाच्या घड्याळांना हरवायचं म्हणून तो उठला होता, त्याच देशात येऊन त्याचा जम बसला.

दरम्यान १८७६ साली फिलाडेल्फियात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथं वॉल्थमनं आपोआप स्क्रू बनवणारं यंत्र मांडलं होतं. स्वित्झर्लंडहून परीक्षक म्हणून आलेले फाव्र-पेरे ते बघून हादरले. त्यांनी पाचव्या दर्जाचं एक वॉल्थम घड्याळ सोबत नेलं आणि तपासलं. सहा दिवसांत ते ३२ सेकंद चुकलं. उत्तम कारागिराचा हात न लागलेलं घड्याळ इतकं अचूक कसं, असा प्रश्न त्यांनी मायदेशी जाऊन आपल्याच लोकांना केला आणि कारखान्यांची पद्धत बदला म्हणून बजावलं. स्विस उद्योग बदलला, हे आपण आज बघतोच आहोत.

बोस्टनच्या त्या वेड्याचं म्हणणं असं जगमान्य झालं. तो तेव्हा बर्मिंगहॅममध्ये केसी बनवत होता.

९ जानेवारी १८९५ ला, ८२ व्या वर्षी, आरन डेनिसनचं बर्मिंगहॅममध्येच निधन झालं. धंदा मुलानं, फ्रँकलिननं पुढं नेला. १९०५ साली ती डेनिसन वॉच केस कंपनी झाली आणि तिनं पुढं रोलेक्स, ओमेगासारख्यांसाठीही केसी बनवल्या. ती १९६७ ला बंद पडली. वॉल्थमच्या कारखान्यानं त्याच्या दहा वर्षं आधी, १९५७ ला घड्याळं बनवणं थांबवलं होतं. शंभर वर्षांत तिथून कोट्यवधी घड्याळं बाहेर पडली.

आता परत ऑनलाईन लिलावाकडे. 'डेनिसन' असं नाव टाकून शोधलं की शेकड्यानं घड्याळं समोर येतात, आणि नवखा माणूस हरखून जातो. इथंच सगळ्यात जास्त गडबड होते. ती जवळपास सगळी बर्मिंगहॅमच्या केसची घड्याळं असतात. झाकणाच्या आतल्या बाजूला डेनिसनचा शिक्का, 'मून' नाहीतर 'स्टार' असं दर्जाचं नाव, आणि केसचा स्वतःचा वेगळा नंबर. विकणारा तो नंबर घड्याळाचा म्हणून देतो, तो डेटाबेसमध्ये टाकला की भलतंच वर्ष येतं. मशीनचा नंबर मशीनवरच शोधायचा असतो. त्यासाठी मागचं झाकण, आणि त्याच्या आत दुसरं असेल तर तेही उघडलेला फोटो मागावा लागतो.

ते उघडलं की खाली बहुतेक वेळा वॉल्थमचं मशीन निघतं. ज्या कारखान्यानं डेनिसनला काढून टाकलं त्याचं मशीन, डेनिसनच्या केसमध्ये. माप तंतोतंत बसलेलं. इंग्लंडमध्ये अशी घड्याळं अजून बरीच आहेत, सोन्याचा नुसता पत्रा असल्यामुळे ती भट्टीतून वाचली, आणि थोडी घासाघीस केली तर परवडतातही.